घरातलं बोलणं

दादा आमच्या संस्थेचा ड्रायव्हर होता, म्हणून त्याची बायको सगळ्यांची वहिनी झाली. पुढे वहिनी संस्थेत शिकवायला लागल्या, मोठमोठ्या पदव्यांचे लोक त्यांच्यासमोर पोरांसारखे बाकावर बसायला लागले, तरी नाव तेच राहिलं. संस्था चालवणारे मोठे डॉक्टरसुद्धा त्यांना वहिनीच म्हणायचे, आणि वहिनी त्यांच्या लेकीच्या वयाच्या होत्या.

संस्था म्हणजे एका बंद पडलेल्या शाळेची इमारत. बाकं इतकी बुटकी की उंच माणसाचे गुडघे छातीला लागायचे. जिथं दवाखाना म्हणजे दोन खोल्या, पाण्याचा एक हातपंप आणि एक नर्स, अशा गरीब मुलुखात सेवेला जाणाऱ्या डॉक्टर-नर्सना इथं तयार करायचं. मंडळी हुशार असायची, पण त्यांची सगळी हुशारी दिवे, मशिन आणि हाताखाली चार माणसं असलेल्या इस्पितळातली. मोठे डॉक्टर अर्धं आयुष्य तिकडं काढून आलेले सर्जन. बाहुलीवर बाळंतपण शिकवता शिकवता ते मध्येच उठायचे आणि मेन स्विच खाली ओढायचे. "लाइट गेली. बाळ काही थांबणार नाही. चालू ठेवा." मग एखादी नर्स दातांत बॅटरी धरून काम पुरं करायची आणि बाकीचे हसू दाबायचे.

मी प्रयोगशाळेतला. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून हिवताप ओळखायला शिकवायचो. माझ्या खोलीत आणि वहिनींच्या वर्गात प्लायवुडची भिंत होती, त्यामुळं त्यांचा वर्ग मला इच्छा असो-नसो ऐकू यायचा.

वहिनी भाषा शिकवायच्या. आमची बहुतेक माणसं ज्या डोंगराळ देशात जायची, तिथल्याच त्या. दादा तरुणपणी तिकडं रस्त्याच्या कामावर डंपर चालवायला गेला आणि येताना त्यांना घेऊन आला. परक्या मुलखातला जावई म्हणून त्यांच्या वडिलांनी दार लावलं, ते मरेपर्यंत उघडलं नाही. आई मात्र अधूनमधून भावाच्या फोनवरून बोलायची. गावात रेंज नसायची. भाऊ म्हातारीला धरून टेकाडावर न्यायचा, तिथं उभं राहून ती विचारायची, "जेवलीस का? कधी येतेस?" आणि तेवढ्यात फोन तुटायचा.

आमची भाषा वहिनींना उत्तम यायची, फक्त लिंगाचा गोंधळ शेवटपर्यंत गेला नाही. "माझा आई" म्हणायच्या. दादा चिडवायचा, "अगं, तुझा आई की तुझी आई?" तर म्हणायच्या, "तुम्ही पाहिलंत ना त्याला? एवढा उंच, एवढा आवाज. तो 'माझी'मध्ये बसतो का?"

वर्गात मात्र त्या कडक होत्या. कुठं दुखतं, कधीपासून, श्वास घ्या, सोडा, घाबरू नका, हे सगळं घोटून घ्यायच्या. आणि एक धडा त्या स्वतः उभ्या राहून शिकवायच्या: माणूस गेल्याचं घरच्यांना कसं सांगायचं. "तुम्ही लोक म्हणता, 'तो आता नाही.' आमच्याकडं 'नाही' म्हणजे इथं नाही, बाहेर गेलाय. एका डॉक्टरानं एका बाईला असंच सांगितलं. ती बाई संध्याकाळपर्यंत इस्पितळाच्या आवारात पोराला हाका मारत फिरत होती. तेव्हा आधी खाली बसायचं. हात धरायचा. आणि 'मेला' हाच शब्द म्हणायचा. जीभ अडखळते, मला माहितेय. तरी म्हणायचा." मग एकेकाला पुढं बोलावून त्या म्हणवून घ्यायच्या. त्या दिवशी भिंतीपलीकडून तो एकच शब्द वेगवेगळ्या आवाजांत येत राहायचा आणि माझ्या खोलीतले विद्यार्थी सूक्ष्मदर्शकातून डोळे काढायचे.

दादाला अर्धांगवायू झाला तो गाडी धूत असताना. मी आणि माळ्यानं उचलून आत आणला. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली. त्याला घरी एकटं ठेवता येईना, म्हणून वहिनी त्याला चाकाच्या खुर्चीतून वर्गात आणायला लागल्या. मोठ्या डॉक्टरांनी लगेच त्याला काम दिलं: सरावासाठीचा पेशंट. दादाला ती भाषा मोडकीतोडकी यायची. एखादा नवखा डॉक्टर घाम पुसत विचारायचा, "कुठं दुखतं?" दादा अर्ध्या तोंडानं सांगायचा, "सासरी." वर्गात हशा फुटायचा. वहिनी रागावल्यासारखं करायच्या, पण त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून गळणारी लाळ पुसताना त्यांचा हात हलका असायचा.

दादाला सोडून त्या माहेरी जाऊ शकत नव्हत्या. त्याआधी तिकडच्या भांडणांमुळं साध्या माणसांना सीमा बंद होती. सीमा उघडली आणि दादा पडला. तोवर आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. आमच्या संस्थेच्या तिकडच्या इस्पितळात ते ऑपरेशन व्हायचं. वहिनी तिकडं जाणाऱ्या प्रत्येक तुकडीला सांगायच्या, "माझ्या आईचे डोळे करा." तुकडी परत आली की उत्तर एकच. म्हातारी म्हणते, बघण्यासारखं आहे काय इथं? लेक येईल तेव्हा करीन.

अशात एका तुकडीत एक नर्स आली. हाडापेरानं थोराड, मान खाली घालून चालणारी. अतिदक्षता विभागात वर्षानुवर्षं काम केलेली. तिथं पेशंटच्या तोंडात नळ्या असतात, ते बोलत नाहीत; त्यामुळं हिलाही बोलायची सवय उरली नव्हती. हातात कसब होतं. मोठ्या डॉक्टरांनी स्विच बंद केला की सगळ्यांत आधी तिचंच काम व्हायचं. पण भाषा काही केल्या जमेना. फळ्यावरचं वाचून तिला काहीच येत नव्हतं. वहिनी बोलल्या की मात्र ती तसंच्या तसं परत म्हणायची, श्वाससुद्धा तिथंच घ्यायची. बरोबरच्यांनी तिचं नाव ठेवलं टेप.

मोठे डॉक्टर म्हणाले, "हिला पाठवता येणार नाही. मुकी नर्स तिकडं काय करणार?"

वहिनी म्हणाल्या, "मला द्या. घरी नेते."

आणि टेप रोज संध्याकाळी संस्थेच्या मागच्या त्यांच्या दोन खोल्यांत जायला लागली. तिथं धडा नव्हता, फळा नव्हता. वहिनी दादाला भरवायच्या, कूस बदलायच्या, भांडी घासायच्या, दूध उतू गेलं की कपाळाला हात लावायच्या, आणि हे सगळं आपल्या माहेरच्या भाषेत. टेप त्यांच्या मागं मागं फिरायची आणि म्हणायची. मी कधी दादाशी गप्पा मारायला गेलो तर दोघी ओट्याशी उभ्या असायच्या, आणि पाठ फिरवलेली असली तर कोण बोलतंय ते मला कळायचं नाही. तोच कोरडा टाळूचा आवाज, वाक्य संपताना तसाच खाली पडणारा सूर.

दादा म्हणाला, "बघ लेका, एक कमी होती म्हणून दुसरी आणली. आता दोघी मिळून मला रागावतात."

परीक्षेच्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी टेपशी तिकडच्या भाषेत दहा मिनिटं गप्पा मारल्या आणि चष्मा काढून वहिनींकडं पाहिलं. "वहिनी, ही पुस्तकातलं एक अक्षर बोलत नाही. ही तर चुलीपुढं बसलेल्या म्हाताऱ्या बाईसारखी बोलते."

"मग बरोबर आहे," वहिनी म्हणाल्या.

टेप गेली. निघताना वहिनींनी आईसाठी एक लोकरीची शाल दिली आणि डोळ्यांचं सांगितलं. बाकी काही नाही.

तिकडून फोन यायचा तो वहिनींच्या खोलीत स्पीकरवर लागायचा, दादालाही ऐकायचं असायचं. एकदा टेपनं सांगितलं, लसीकरणाच्या फेरीला ती वहिनींच्या गावात गेली होती. म्हातारी उन्हात बसली होती. टेप अंगणात कुणा पोरावर ओरडली, सुईला घाबरून पळत होतं म्हणून. तर म्हातारी आंधळ्या डोळ्यांनी इकडं तिकडं बघत म्हणाली, "कोण गं ही? माझ्या घरातलं बोलतेय." टेपनं सांगितलं, तुमच्या लेकीनं शिकवलंय. म्हातारीनं तिचं तोंड चाचपलं, नाक दाबून पाहिलं आणि म्हणाली, "नाक तिचं नाही. पण जीभ तिची आहे."

वहिनी हे ऐकून इतक्या हसल्या की डोळ्यांना पाणी आलं. मग टेप सवड मिळाली की जायला लागली. आणि जे कुणाला जमलं नव्हतं ते तिला जमलं. म्हातारी ऑपरेशनला तयार झाली. "तू हात धरणार असशील तर येते," म्हणाली.

वहिनींचं चालणंच बदललं. वर्गात त्या मध्येच खिडकीबाहेर बघायच्या. मला म्हणाल्या, "भावजी, आईचे डोळे झाले की व्हिडिओवर बोलणार. आधी केसांना रंग लावू का? त्याच्या डोक्यात माझं लग्नावेळचं तोंड असेल."

म्हातारी ऑपरेशनसाठी इस्पितळात उतरली ती अंगात बारीक ताप घेऊनच. टेपच्या लक्षात आलं. तिनं ऑपरेशन थांबवायला लावलं, छाती ऐकली. न्यूमोनिया होता. औषधं लगेच सुरू केली. पण वय झालेलं, शरीरात काही उरलेलं नव्हतं. प्राणवायूचं यंत्र एकच, ते एका तान्ह्या बाळाला लावलेलं. ते काढून म्हातारीला लावा असं कुणीच म्हणालं नाही. भाऊही नाही. त्याच आठवड्यात तिकडं वादळ होऊन टॉवर पडला होता, फोन लागत नव्हता. इकडं वहिनींना वाटत होतं, पट्टी बांधली असेल, म्हणून फोन नाही.

टॉवर उभा राहिल्यावर टेपचा फोन आला, तेव्हा मी तिथं होतो. दुपारची वेळ. वहिनी दादाचे पाय चोळत होत्या. तेलाच्या हातानंच त्यांनी फोन उचलला. टेपनं तिकडच्या भाषेत विचारलं, "बसलात का?" वहिनी उभ्या होत्या, त्या पलंगाच्या कडेला बसल्या. त्यांनीच शिकवलेलं होतं, त्यांना कळलं असणारच. मग टेपनं तो शब्द म्हटला. भिंतीआडून इतक्यांदा ऐकलेलं, तेवढं मलाही कळत होतं.

वहिनींनी फोन खाली ठेवला. मग मला म्हणाल्या, "माझा आई मेला, भावजी." आणि दादाचा दुसरा पाय चोळायला घेतला.

चार-सहा महिन्यांनी टेप रजेवर आली. बस स्टँडवरून सरळ वहिनींकडं गेली. मी दादाची दाढी करत होतो, तो वहिनींच्या हातून करून घ्यायचा नाही. वहिनींनी तिला जवळ घेतलं, चहा टाकला. आम्हाला समजावं म्हणून दोघी आमच्याच भाषेत बोलत होत्या. वहिनींनी शेवटचं सगळं विचारलं. ताप कधी चढला, काय खाल्लं, कुठल्या कुशीवर होती. टेप सांगत गेली. मग अडखळली.

"शेवटच्या दिवशी त्यांना भान नव्हतं, वहिनी. मी केस विंचरत होते. त्यांनी मला तुमच्या लहानपणच्या नावानं हाक मारली. म्हणाल्या, 'आलीस?'"

"मग?"

"परत म्हणाल्या, 'आलीस ना?'"

"मग तू काय म्हणालीस?"

टेपनं कप खाली ठेवला. "आले म्हणाले."

माझा हात थांबला. दादाच्या अर्ध्या गालावर साबण तसाच.

"त्या बोलायला लागल्या मग. म्हणाल्या, हात किती गार तुझे. म्हणाल्या, राग तुझ्या बापाचा होता, माझा कधीच नव्हता. दार त्यानं लावलं, पण मी आतून रोज..."

"बस," वहिनी म्हणाल्या. "मी आले नव्हते."

"वहिनी..."

"मी आले नव्हते! मी इथं होते. यांचं मूत काढत होते, पोरांना 'कुठं दुखतं' शिकवत होते. माझ्या आईनं मला हाक मारली आणि ओ तू दिलीस. ते माझं होतं. एवढंच माझं राहिलं होतं तिकडं."

टेपला नीट बोलताच येईना. "मला कळलं नाही काय करायचं. नाही म्हणाले असते तर त्या तशाच... हे तुम्ही शिकवलं नव्हतंत."

"जा तू," वहिनी म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण तोंड भिंतीकडं केलं.

मी टेपला कोपऱ्यावरच्या थांब्यापर्यंत सोडायला गेलो. सायकल दुरुस्तीच्या दुकानापाशी ती थांबली आणि म्हणाली, "काका, मी चोरी केली का?" बस आली, ती चढली. तिची पिशवी बसच्या दारात अडकली, ती मी आत ढकलली. एवढंच.

दादा खोलीत एकटा सापडला तेव्हा मला म्हणाला, "पोरगी बरोबर वागली. पण हिला तसं सांगू नकोस. बरोबर असलेलं ऐकायची ही वेळ नाही." तो माझ्याशी केलेला त्याचा शेवटचा सलग संवाद म्हणायचा. थंडी संपता संपता त्याला दुसरा झटका आला आणि दोन दिवसांत तो गेला. मोठे डॉक्टर स्वतः उशाशी बसून होते. वहिनी रडल्या, चांगल्या रडल्या, शेजारणींनी पाठीवरून हात फिरवले. पण नंतर खुर्ची दुसऱ्या कुणा आजाऱ्याला द्यायची वेळ आली तेव्हा चार दिवस त्यांनी ती दिली नाही. रोज पुसून ठेवायच्या.

आता त्यांना कुठंही जायला कुणाची आडकाठी नव्हती. सीमा उघडी, दादाची काळजी नाही, पुढची तुकडी निघणारच होती. मोठे डॉक्टर म्हणाले, "वहिनी, जाऊन या."

"कुणाकडं जाऊ?" त्या म्हणाल्या. पण गेल्या.

तिकडचं त्यांनी आल्यावर सांगितलं, तेही एकदम नाही, तुकड्या-तुकड्यांनी. भावाचं घर पोरासुनांनी भरलेलं होतं. सगळ्यांनी मानानं वागवलं, चांगली सतरंजी दिली, आणि तेच टोचलं. पाहुणीसारखं. नातवंडं त्यांच्या बोलण्याला तोंड दाबून हसत होती. त्या बोलत होत्या ते शब्द आता गावात म्हाताऱ्यासुद्धा वापरत नव्हत्या. एक पोरगं म्हणालं, "ही आत्याआजी त्या इस्पितळातल्या नर्ससारखं बोलते."

आईला माती दिली होती त्या जागेवर गेल्या तेव्हा भाऊ म्हणाला, "आई समाधानानं गेली. तिला वाटलं तू आलीस." तोही त्या दिवशी दाराशी उभा होता. त्यानं ऐकलं होतं आणि काही बोलला नव्हता. वहिनी म्हणाल्या, "भावजी, मी त्याच्यावर चिडायला तोंड उघडलं. पण त्याचे केस इतके पांढरे झालेत. म्हटलं, यानं माझ्याशिवाय इतकी वर्षं आईला टेकाडावर चढवलं."

शेवटच्या दिवशी त्या इस्पितळात गेल्या. टेप प्रसूतीच्या खोलीत होती, बाहेर यायला वेळ लागला. रक्ताचे हात धुऊन बाहेर आली आणि वहिनींना बघून तिथंच थबकली. वहिनी म्हणाल्या, "मघाशी मी मध्येच थांबवलं होतं. पुढचं सांग." मघाशी म्हणजे वर्ष उलटलं होतं. दोघी नर्सच्या खोलीत खाटेवर बसल्या आणि टेपनं आईचं बोलणं, जसं ऐकलं होतं तसंच, पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. तिला तेवढं यायचंच. आईची धाप, मधलं खोकणं, सगळं. "मी डोळे मिटले होते," वहिनी मला म्हणाल्या. याच्या पुढचं त्यांनी मला सांगितलं नाही.

परत आल्यावर त्यांनी वर्ग पुन्हा सुरू केला. त्यांच्या हाताखालून अजूनही माणसं तयार होऊन जातात. टेप रजेवर आली की त्यांच्याकडंच उतरते, दादाच्या पलंगावर झोपते. दोघींमध्ये आता काही अढी नाही. पण एक गोष्ट वहिनींनी मोठ्या डॉक्टरांकडून कबूल करून घेतली: भाषा वर्गात शिकवीन, घरी कुणाला शिकवणार नाही.

गेल्या तुकडीत एक तरुण डॉक्टरीण होती, लाघवी, कष्टाळू. तिला कुणीतरी टेपची गोष्ट सांगितली असावी. ती एका संध्याकाळी वहिनींच्या दाराशी जाऊन उभी राहिली. "वहिनी, मी रोज येऊ का? भांडी घासीन, काहीही करीन. मला तुमच्यासारखं बोलायचंय."

मी दाराबाहेरच्या ओट्यावर बसून चहा पीत होतो. वहिनींनी तिला आत घेतलं, चहा दिला, डोक्यावरून हात फिरवला.

"बाळा, तुला शुद्ध यायला हवं. कुठं दुखतं ते विचारता यायला हवं. तेवढं मी वर्गात देते," त्या म्हणाल्या. "बाकीचं माझ्याकडं फार थोडं राहिलंय गं. ते असू दे मला."